तलफ, निमित्त आणि संकल्प

विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाविषयी समाजात दोन निवाडे फार सहजपणे दिले जातात. पहिला असा की, मनात आणले तर व्यसन एका दिवसात सुटते. ज्याचे सुटत नाही त्याने मनापासून ठरवलेलेच नसते. दुसरा निवाडा याच्या अगदी उलट. व्यसन रक्तात भिनलेले असते, तेथे माणसाचे काही चालत नाही. त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही आणि त्याच्याकडून काही अपेक्षा बाळगण्यातही अर्थ नाही. पहिला निवाडा बहुधा ज्यांनी आयुष्यात कधी धूर ओढलेला नाही ते देतात. दुसरा बहुधा ओढणारे स्वतःच देतात. घरभेटीच्या वेळी एकाच ओटीवर बसून पत्नी पहिला आणि पती दुसरा निवाडा देत आहे, हे आम्ही अनेकदा ऐकले आहे.

हे दोन्ही निवाडे परस्परविरुद्ध वाटले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. माणूस एक तर पूर्णपणे स्वतंत्र असतो, नाही तर पूर्णपणे गुलाम असतो, अशी ती समजूत होय. ख्रिस्ती नीतिविचाराला ती मान्य नाही. आपले स्वातंत्र्य परमेश्वराने दिलेले खरे स्वातंत्र्य आहे, परंतु ते जखमी आहे. ते वाढू शकते, तसे झिजूही शकते. मग तलफ आली असता माणूस कितपत स्वतंत्र असतो? आणि जे काही स्वातंत्र्य त्याच्या हाती उरते, ते त्याने नेमके कोठे आणि केव्हा वापरावे? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत. विडी-सिगारेटचे उदाहरण आम्ही घेतले आहे. परंतु मशेरी, तंबाखू, दारू यांच्या बाबतीतही वाचकांना तेच सूत्र लावता येईल.

ख्रिस्तसभा आणि तंबाखू

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. तंबाखूला ख्रिस्तसभेने स्वभावतःच पाप ठरवलेले नाही. सतराव्या शतकात तंबाखूचे वेड युरोपभर पसरले, तेव्हा लोक मंदिरात उपासना चालू असतानाही तपकीर ओढू लागले. त्याचा उपद्रव इतका वाढला की, 1642 साली पोप आठवे अर्बन यांनी स्पेनमधील सेव्हिल धर्मप्रांतातील मंदिरांत तंबाखूचे सेवन करणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा जाहीर केली. 1650 साली पोप दहावे इनोसंट यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरासाठी तसाच हुकूम काढला. पुढे 1725 साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी ही बंदी उठवली. त्या आज्ञांचा हेतू मंदिराचे पावित्र्य राखणे हा होता. आरोग्याचा प्रश्न तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

आज आपल्याला पुष्कळ अधिक कळते. तंबाखूच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि शेजारी बसलेल्या बायकामुलांनाही त्या धुराचा अपाय होतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्विवाद सिद्ध झाले. म्हणूनच 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात अन्न, मद्य आणि औषधे यांच्या अतिरेकाबरोबर तंबाखूच्या अतिरेकाचाही उल्लेख आहे आणि तो टाळणे हे संयमाच्या सद्गुणाचे काम मानले आहे. 2017 साली पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री पुढील वर्षापासून बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या व्यवसायाने माणसांच्या आरोग्याची हानी होते, त्यापासून पैसा मिळवणे त्यांना उचित वाटले नाही. देह ही परमेश्वराची देणगी आहे आणि तिची राखण करणे हे आपले कर्तव्य आहे, इतके या बाबतीत स्पष्ट आहे.

परंतु कर्तव्य कळले म्हणजे ते पार पडले, असे होत नाही. भारतात 2016-17 साली झालेल्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी 28.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. यांतील किती तरी जणांना ती सोडावयाची आहे. सोडण्याची इच्छा आहे, कारणेही ठाऊक आहेत, तरी पाऊल पुन्हा पानाच्या गादीकडे वळते. येथेच आपला प्रश्न उभा राहतो.

तलफ म्हणजे काय?

तंबाखूमध्ये निकोटिन नावाचे द्रव्य असते. धुराबरोबर ओढलेले निकोटिन अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे सुखाची एक लहानशी लहर उठवते. रोज दहा-वीस वेळा असे घडू लागले की मेंदू त्याला सरावतो, आपली घडीच त्याप्रमाणे बसवतो. मग निकोटिन मिळाले नाही की चित्त अस्वस्थ होते, चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, सारखी भूक लागते. सिगारेट सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वांत तीव्र असतो. पुढे तीन-चार आठवड्यांत तो पुष्कळसा ओसरतो. ही झाली देहाची मागणी.

याखेरीज स्मरणाची म्हणून एक वेगळी मागणी असते. ती अधिक चिवट असते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यावर केलेले प्रयोग वाचकांनी शाळेत अभ्यासले असतील. खाण्याआधी नेहमी एक ठरावीक खूण होत गेली, तर पुढे नुसत्या खुणेनेच त्या प्राण्याच्या तोंडाला पाणी सुटते. विरारहून चर्चगेटला जाणारा नोकरदार गाडीतून उतरला की त्याचा हात नकळत खिशाकडे जातो. वाडीला पाणी देऊन बांधावर टेकलेल्या शेतकऱ्याला विडीची आठवण होते. जेवणानंतर, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, सकाळी शौचास जाण्यापूर्वी, वरिष्ठाने टाकून बोलल्यावर, मित्राने काडी पेटवल्यावर, मद्याचा पेला हाती आल्यावर तलफ येते. त्या त्या जागेने, त्या त्या वेळेने आणि त्या त्या भावनेने तंबाखूशी सोयरीक केलेली असते. निकोटिन शरीरातून केव्हाच निघून गेलेले असते, तरीही वर्षभराने एखाद्या लग्नात जुना मित्र भेटतो आणि तलफ अचानक समोर उभी राहते.

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, अनेक श्रद्धावंत माणसे नेमक्या याच ठिकाणी स्वतःविषयी चुकीचा निष्कर्ष काढतात. उपवासकाळात त्यांनी सिगारेट सोडलेली असते. विसाव्या दिवशी जोराची तलफ येते आणि त्यांना वाटते, 'माझा संकल्प खोटा होता. तो खरा असता तर हा विचार मनात आलाच नसता.' लाज वाटते, लाजेतून निराशा येते आणि निराशेतून सिगारेट पेटते. तलफेने जे साधले नसते, ते त्या चुकीच्या निष्कर्षाने साधते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या तपस्व्याने माणसाला छळणाऱ्या आठ प्रकारच्या विचारांचे सूक्ष्म वर्णन केले आहे. असे विचार आपल्याला सतावतील की नाही हे आपल्या हाती नसते. ते मनात मुक्काम करतील की नाही हे मात्र आपल्या हाती असते, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. पुढे पोप संत थोर ग्रेगरी यांनी मोहाच्या तीन पायऱ्या वेगळ्या करून दाखवल्या: सूचना, सुखास्वाद आणि संमती. सूचना बाहेरून येते, सुखास्वाद देहात उमटतो, परंतु संमती ही इच्छाशक्तीची कृती आहे आणि पापाचा निवाडा तेथेच होतो. या हिशेबाने पाहिले तर तलफ ही सूचना आहे, फार तर देहातील खळबळ आहे. ती आल्याने संकल्प मोडत नाही. गेथसेमनीच्या बागेत शिष्य झोपी गेले, तेव्हा प्रभूने त्यांना बेइमान म्हटले नाही. देहाच्या दुबळेपणाची त्याने दखल घेतली आणि त्यांना जागे राहून प्रार्थना करण्यास सांगितले.

ॲरिस्टॉटलने दोन माणसांत केलेला भेद संत थॉमस अक्वायनस यांनीही स्वीकारला आहे. एकाला वाईटाची ओढच उरलेली नसते. तो खरा संयमी. दुसऱ्याला ओढ जाणवते, परंतु तो तिच्यामागे जात नाही, तो निग्रही. संयमी माणसाची पायरी वरची आहे हे खरे. परंतु तेथे पोहोचण्याचा मार्ग निग्रहातूनच जातो. सिगारेट सोडणारा माणूस पहिली काही वर्षे निग्रही असतो. तलफ जाणवत असूनही न ओढणारा माणूस ढोंगी ठरत नाही. तो वाटेवरचा प्रवासी असतो.

साखळी आणि तिच्या कड्या

येथे कोणी म्हणेल, 'ठीक आहे, तलफ हे पाप नाही. परंतु सवय इतकी बळकट झाली की संमती ही नावापुरतीच उरते. मग माणसाला जबाबदार कसे धरावयाचे?' हा आक्षेप वजनदार आहे आणि ख्रिस्तसभेने तो झिडकारलेला नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या आत्मकथनात स्वतःची अवस्था साखळीच्या दृष्टान्ताने सांगितली आहे. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या सेवेतून सवय आणि सवयीला विरोध न केल्याने निकड, अशा कड्या एकमेकींत अडकत जातात. भय, अज्ञान, सवय अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हे वर उल्लेखिलेल्या धर्मशिक्षणग्रंथातही मान्य केले आहे.

परंतु कमी होणे वेगळे आणि नाहीशी होणे वेगळे. ऑगस्टीन यांच्या दृष्टान्तातच त्याचे उत्तर आहे. साखळीला अनेक कड्या असतात आणि प्रत्येक कडी सारख्याच ताकदीची नसते. सिगारेट ओठांत आहे, काडी पेटलेली आहे, समोर मित्र हसतो आहे, अशा क्षणी माणसाचे स्वातंत्र्य फार थोडे असते. त्या आधी पंधरा मिनिटे, त्या मित्राबरोबर टपरीकडे निघावे की निघू नये हे ठरवताना, ते बरेच अधिक असते. त्या आधी सकाळी, खिशात पाकीट ठेवावे की ठेवू नये हे ठरवताना, ते त्याहूनही अधिक असते. आणि रात्री, दिवसाचा हिशेब घेत उद्याचा बेत आखताना, ते जवळजवळ पूर्ण असते. आपण मात्र बहुधा हे सारे मोकळे क्षण वाया दवडतो, सर्वांत दुबळ्या क्षणी सारी लढाई लढतो आणि हरलो की आपल्याला स्वातंत्र्यच नाही असे म्हणतो.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. व्यसन सोडणे ही धैर्याची परीक्षा आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती धैर्याच्या आधी सुज्ञतेची परीक्षा आहे. चार प्रधान सद्गुणांत सुज्ञतेला पहिले स्थान दिले जाते, ते उगीच नव्हे. 'मी टपरीवर मित्रांत बसेन आणि तरीही ओढणार नाही,' असे म्हणणारा शूर वाटतो. 'मी आज टपरीवर जाणारच नाही,' असे म्हणणारा भित्रा वाटतो. परंतु पश्चात्तापाची प्रार्थना लहानपणी पाठ करताना आपण यांतील कोणत्या माणसाचा मार्ग शिकलो? केवळ पापच नव्हे, तर पापाचे निमित्तही टाळण्याचे वचन त्या प्रार्थनेत आपण देतो. ख्रिस्तसभेने शेकडो वर्षे निमित्ताविषयी जे सांगितले, तेच आजचे वैद्य तलफेच्या कारणांविषयी सांगत आहेत.

निमित्त टाळणे, निमित्त बदलणे

आयर्लंडमधील डब्लिन शहरात 1856 साली जन्मलेला मॅट टॅलबट हा गोदीत आणि लाकडाच्या वखारीत राबणारा हमाल होता. बाराव्या वर्षीच त्याला दारू लागली. 1884 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली. ती त्याने प्रथम केवळ तीन महिन्यांसाठी घेतली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेवढी पाळल्यावर त्याने मुदत वाढवली आणि अखेर शपथ आजन्म केली. मोह झाला तरी दारू विकत घेता येऊ नये म्हणून त्याने खिशात पैसे बाळगणे सोडले. कामावरून सुटल्यावर जी वेळ गुत्त्यात जात असे, ती तो मंदिरात घालवू लागला. पुढे त्याने आपली तंबाखूची चुंगीही सोडली. 1925 साली मिस्साला जाताना रस्त्यातच त्याला मरण आले, तोपर्यंत चाळीस वर्षे तो शुद्धीत जगला. 1975 साली पोप सहावे पौल यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले.

या हमालाने नीतिशास्त्राचा कोणताही ग्रंथ अभ्यासलेला नव्हता. पण आपले स्वातंत्र्य कोठे थोडे आहे आणि कोठे भरपूर आहे, हे त्याने अचूक ओळखले होते. गुत्त्याच्या दारात त्याला आपला भरवसा नव्हता. म्हणून घरातून निघतानाच त्याने खिसा रिकामा केला.

त्याच्या मार्गाने आपणही चालू शकतो. घरातील आणि कचेरीतील राखदाण्या, काडेपेट्या, उरलेली पाकिटे हलवावीत. चहा टपरीऐवजी घरी किंवा कचेरीत घ्यावा. चहा-कॉफी थोडी कमीही करावी. कारण तंबाखूचा धूर बंद झाला की कॅफीन शरीरात अधिक वेळ टिकते आणि त्यामुळे येणारी अस्वस्थता तलफच आहे असे वाटू लागते. जेवण होताच पाटावरून उठून हात धुवावेत, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी आणि अंगणात चार फेऱ्या माराव्यात. मद्याचा पेला पहिले काही महिने तरी दूर ठेवावा. धूर सोडलेले कितीतरी जण त्या पेल्याशीच घसरतात.

सगळीच निमित्ते टाळता येत नाहीत, हेही खरे. नोकरीला जावे लागते, घरात मतभेद होतात, शेजारी मयत झाले तर रात्री तेथे बसावेच लागते. जे निमित्त टाळता येत नाही, तेथे रिकाम्या हाताने जाऊ नये. कोणाजवळ बसावयाचे, कोणी सिगारेट पुढे केली तर काय म्हणावयाचे, मन फारच ओढू लागले तर कोठे जावयाचे, हे आधीच ठरवून जावे.

परंतु आपली निमित्ते कोणती, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. त्यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या आपल्या पुस्तकात सांगितलेली एक साधी रीत उपयोगी पडेल. एकच दोष निवडावयाचा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा संकल्प करावयाचा. दुपारी आणि रात्री तासातासाचा हिशेब घेऊन, जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके आखलेल्या रेघेवर मांडावयाचे. मग सकाळ-संध्याकाळची, दिवसादिवसाची, आठवड्याआठवड्याची तुलना करावयाची. सिगारेट सोडू पाहणाऱ्याने आणखी एक करावे: ठिपक्याशेजारी जागा, वेळ आणि मनाची अवस्था यांची दोन शब्दांत नोंद करावी. आठ दिवसांत आपल्या व्यसनाचा नकाशा त्याच्या डोळ्यांसमोर येईल. शत्रू हा कसबी सेनापतीसारखा गडाभोवती फिरून त्याची सर्वांत कच्ची बाजू शोधतो, असेही संत इग्नेशियस यांनी म्हटले आहे. ते स्वतः सैनिक होते. ती कच्ची बाजू शत्रूच्या आधी आपल्याला ठाऊक असावी.

तलफेची ती काही मिनिटे

इतकी तयारी करूनही तलफ येणारच. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. तलफेची एक लाट बहुधा काही मिनिटेच टिकते. त्या वेळी वाटते की ओढल्यावाचून ती शमणारच नाही. प्रत्यक्षात ओढली नाही तरी ती ओसरते. 'जन्मभर ओढणार नाही' असे त्या घटकेला स्वतःशी म्हणू नये. तेवढे ओझे त्या घटकेला पेलत नाही. 'पुढची दहा मिनिटे नाही' एवढेच म्हणावे. पेलाभर पाणी पिणे, जागा बदलणे, हातांना काही काम देणे, कोणाशी बोलू लागणे, हे लहान उपाय तेवढ्यापुरते पुरतात.

आणि प्रार्थना? जपमाळेतील दहा 'नमो मरिया' शांतपणे म्हणण्यास जितका वेळ लागतो, साधारण तितक्याच वेळात तलफेचा जोर उतरू लागतो, हा योगायोग आम्हांला मोलाचा वाटतो. तथापि प्रार्थना म्हणजे तलफ पळवून लावणारा मंत्र नव्हे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मोहाविषयी जी विनंती करतो, तिचा आशय मोहाच्या वेळी आपण एकटे नसावे, त्यात बुडून जाऊ नये असा आहे. प्रार्थनेनंतरही देह कुरकुरत राहिला, तर प्रार्थना वाया गेली असे समजू नये. ती काही मिनिटे ज्याने देवासमोर काढली, त्याने ती वाया घालवली नाहीत.

श्रद्धेच्या नावाखाली वैद्यकीय मदत नाकारणे हेही योग्य नव्हे. जुन्या करारातील बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण वैद्य आणि औषधी वनस्पती दोन्ही परमेश्वरानेच निर्माण केल्या आहेत. निकोटिनचे गम, त्वचेवर लावण्याच्या पट्ट्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्याची औषधे आज उपलब्ध आहेत. त्यांनी देहाची मागणी सौम्य होते आणि स्मरणाच्या मागणीशी झुंजण्यास बळ उरते. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची 1800-11-2356 ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे. कृपा निसर्गाला बाजूला सारत नाही, त्याला पूर्णत्वास नेते, असे थॉमस अक्वायनस यांचे प्रतिपादन आहे. मग निसर्गाला मदत करणारे औषध कृपेचा प्रतिस्पर्धी कसे होईल?

पडल्यानंतर

बहुतेकांना एका प्रयत्नात यश येत नाही. दोन महिने धूर न ओढलेला माणूस एखाद्या मयताच्या रात्री एक सिगारेट ओढतो. त्या एका सिगारेटने फारसे बिघडलेले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःला काय सांगतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. 'मोडलाच आहे संकल्प, तर आता पाळण्यात काय अर्थ?' हा युक्तिवाद मोहाचा सर्वांत यशस्वी युक्तिवाद आहे. एक पायरी चुकली म्हणून कोणी उरलेल्या जिन्यावरून स्वतःला खाली लोटून देत नाही. मन उदास आणि कोरडे झाले असता आधी केलेले संकल्प बदलू नयेत, हा संत इग्नेशियस यांचा नियम अशाच सकाळसाठी आहे. झालेले देवापाशी सांगावे, कोणत्या निमित्ताने झाले ते ठिपक्याशेजारी लिहावे आणि संकल्प होता तेथून पुढे चालू ठेवावा.

ज्यांना वारंवार पडण्याने आपण देवापासून दुरावलो असे वाटते, त्यांच्यासाठी चीनमधील संत मार्क जी तिएनशियांग यांचे जीवन सांगितले पाहिजे. ते वैद्य होते आणि गोरगरिबांना विनामूल्य औषध देत असत. पोटाच्या विकारावर त्यांनी अफू घेतली आणि तिचे व्यसन लागले. ते पुनःपुन्हा पापनिवेदनास जात आणि पुनःपुन्हा तेच पाप सांगत. व्यसन हा आजारही असू शकतो हे त्या काळी उमगलेले नव्हते. सुधारण्याचा त्यांचा निश्चय खरा नाही असे मानून धर्मगुरूंनी त्यांना पापक्षमा नाकारली. सुमारे तीस वर्षे ते ख्रिस्तप्रसादापासून वंचित राहिले. तरी त्यांनी मंदिर सोडले नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. 1900 साली ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा त्यांना कुटुंबीयांसह पकडण्यात आले. आपल्यापैकी कोणालाही एकट्याने मरावे लागू नये म्हणून आपल्याला सर्वांत शेवटी मारावे, अशी त्यांनी विनंती केली. 2000 साली पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना इतर चिनी हुतात्म्यांबरोबर संतपद दिले.

या संताचे व्यसन शेवटपर्यंत सुटले असे कोणी म्हणत नाही. त्यांचे उदाहरण व्यसनाला परवाना देण्यासाठी नाही. ज्या माणसाची इच्छाशक्ती एका ठिकाणी इतकी जायबंदी होती, तोच माणूस प्राण देण्याच्या घटकेला पूर्णपणे मोकळा होता. आपण एखाद्याच्या हातातील सिगारेट पाहून त्याच्या आत्म्याचे मोजमाप करतो. परमेश्वर तसे करीत नाही. धर्मगुरूंनीही या हुतात्म्यापासून पापनिवेदनाच्या आसनावर कसे बसावे, हे शिकावे.

भावाच्या अडखळण्याचे निमित्त

शेवटी एक गोष्ट, जी न ओढणाऱ्यांसाठी आहे. आतापर्यंत आम्ही निमित्ताविषयी बोललो ते सोडणाऱ्याच्या बाजूने. परंतु निमित्ते आकाशातून पडत नाहीत. पुष्कळदा आपणच ती पुरवतो. करिंथ येथील ख्रिस्ती लोकांत मूर्तींना वाहिलेले मांस खावे की नाही असा वाद उभा राहिला, तेव्हा संत पौलाने दिलेला निर्णय मार्मिक आहे. ते मांस खाण्यात स्वतःला काही दोष दिसत नसला तरी, आपल्या खाण्यामुळे दुबळा भाऊ अडखळत असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही, असे त्याने कळवले. स्वतःचा हक्क आणि भावाचा दुबळेपणा यांत त्याने भावाची बाजू घेतली.

हा निर्णय आपल्या घराला लावून पाहावा. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात पानाच्या तबकाबरोबर सिगारेटची पाकिटे ठेवणे, मयताच्या घरी जागरणाला बसलेल्यांत विड्यांचे बंडल फिरवणे, लहान मुलाला पैसे देऊन दुकानातून सिगारेट आणावयास धाडणे, सोडलेल्या मित्राला 'एकीने काय होते?' म्हणून आग्रह करणे, हे सारे आपण आदरातिथ्य किंवा गंमत समजतो. त्या मांडवात पंचवीस दिवस कष्टाने न ओढलेला एखादा माणूस बसलेला असतो, हे आपल्याला ठाऊक नसते.

घरच्या माणसांनीही जपावे. पहिल्या आठवड्यात पती किंवा वडील चिडचिड करू लागले, तर 'यापेक्षा ओढत होता तेच बरे होते' असे गमतीनेही म्हणू नये. पडलेल्याला टोमणा मारू नये. त्याचे खिसे तपासून त्याला चोर ठरवू नये. जेवणानंतर त्याच्याबरोबर अंगणात चालावयास निघावे, एवढ्यानेही एक निमित्त नाहीसे होते. आजी पहाटे मशेरी भाजत असेल, तर तिच्यापाशी बसून तिची निमित्ते कोणती हे मायेने विचारावे. उपदेश नंतर करता येईल.

सूचना कोणालाही येते, कधीही येते, आणि तिच्यासाठी कोणी खजील होण्याचे कारण नाही. संमती आपली असते. परंतु ती ज्या घटकेला मागितली जाते, ती घटका घडवण्यात आदल्या दिवशीच्या आपल्या सुज्ञतेचा आणि शेजाऱ्यांच्या प्रीतीचा हात असतो. परमेश्वराची कृपा त्या घटकेच्या आधीही असते, त्या घटकेतही असते आणि माणूस पडला तर नंतरही असते. जो आज दहा मिनिटे थांबला, त्याला ती दहा मिनिटे कृपेने दिली, असे आम्ही मानतो; आणि जो आज थांबू शकला नाही, त्याच्यासाठी उद्याची सकाळ राखून ठेवलेली आहे.